पोकळ भोपळा आणि विसरलेले पितर

३१ ऑक्टोबर २०२४ हा दिवस अमेरिकेतील हिंदू कुटुंबांच्या दृष्टीने मोठा चमत्कारिक होता. तिथीच्या गणितानुसार त्या देशात सायंकाळचे लक्ष्मीपूजन त्याच दिवशी आले आणि इंग्रजी दिनदर्शिकेनुसार तीच हॅलोविनची संध्याकाळ होती. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत अनेक घरांच्या पायरीवर एका बाजूला पणत्यांची ओळ होती आणि दुसऱ्या बाजूला दात विचकून बसलेला, कोरलेला भोपळा. आत आजी चौरंगावर कलश मांडत होती आणि नातू हाडांच्या सापळ्याचे चित्र असलेला काळा पोशाख चढवून, हातात खाऊची बादली घेऊन दाराशी अधीर झाला होता.

दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळा दिवाळीनिमित्त प्रथमच प्रत्यक्ष बंद राहिल्या. त्यासाठीचा कायदा न्यूयॉर्क राज्याने आदल्या वर्षी केला होता. हिंदू समाजाने तेथे मिळविलेला हा मान अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. परंतु शाळेला सुट्टी मिळविणे सोपे आणि घरातल्या मुलाच्या मनात त्या सुट्टीचा अर्थ रुजविणे कठीण. सापळ्याचा वेष घातलेल्या नातवाला आजीने विचारावे, "बाळा, हे सारे कशासाठी?" आणि त्याने उत्तर द्यावे, "अशीच गंमत!" त्या नातवाला दोष देण्यात काही अर्थ नाही. त्याच्या गोऱ्या मित्राला, त्या मित्राच्या आईवडिलांना आणि त्या गल्लीतील बहुतेकांनाही याहून वेगळे उत्तर देता आले नसते. हॅलोविनचे खरे दुःख हेच आहे, आणि हिंदू समाजाने त्यातून घ्यावयाचा धडाही हाच आहे.

आयर्लंडच्या टेकडीवरील अग्नी

हॅलोविन म्हणजे भुताखेतांचा पाश्चात्त्य थिल्लरपणा, असे म्हणून अनेक जण हा विषय झटकून टाकतात. ते बरोबर नाही. या सणाचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील गेलिक समाजाच्या 'साविन' या उत्सवात आहे. सुगी संपली, गुरे डोंगरावरून खाली आली आणि वर्षाचा अंधारा अर्धा भाग सुरू झाला, की ३१ ऑक्टोबरच्या सूर्यास्तापासून हा उत्सव सुरू होई. मीथ परगण्यातील त्लाख्तगा टेकडीचे नाव या रात्रीच्या अग्नीशी जोडले गेले आहे. जुन्या आयरिश कथांमध्ये या रात्री दोन लोकांमधील पडदा विरळ होतो आणि अदृश्य जगाची दारे उघडतात. पुढील काळात ग्रामीण आयर्लंडमध्ये अशी रूढी होती, की या दिवसांत घराचे दार कडी न लावता ठेवावे, चूल धगधगती ठेवावी आणि चुलीपाशी घरातील मृतांसाठी बसण्याची जागा मोकळी सोडावी. वर्षातून एकदा घरचे गेलेले माणूस घरी येते, ते उपाशी आणि थंडीने कुडकुडत परत जाऊ नये, एवढाच त्यामागील भाव!

सर्वपित्री अमावास्येला गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहणाऱ्या मराठी माणसाला हा भाव परका वाटेल काय? मुळीच नाही. अट्लांटिकच्या काठावरील तो शेतकरी आणि कृष्णाकाठचा हा शेतकरी एकमेकांना भाषेवाचून समजू शकले असते. सुगीचे धान्य घरात आल्यावर, ज्यांनी ही जमीन नांगरून आपल्या हाती दिली त्यांचे स्मरण करणे, हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. त्या मूळ उत्सवाविषयी हिंदू मनात आदरच असला पाहिजे.

मग या उत्सवाचे काय झाले? प्रथम त्याचे नाव गेले. पोप पहिला ग्रेगरी याने ६०१ मध्ये मेलिटस या धर्मप्रचारकासाठी पाठविलेले पत्र बीड या इतिहासकाराने जपून ठेवले आहे. इंग्लंडमधील मूर्तिपूजकांची देवळे पाडू नयेत. आतील मूर्ती नष्ट कराव्यात, देवळांवर पवित्र जल शिंपडावे आणि लोकांचे जुने उत्सव संतांच्या दिवसांत मिसळून घ्यावेत, असा त्याचा आशय आहे. पुढे नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपात स्थिरावला आणि ९९८च्या सुमारास क्लूनी मठाच्या ओडिलोने २ नोव्हेंबर हा मृतात्म्यांसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला. १ नोव्हेंबर ही तारीख साविन पाहूनच निवडली गेली काय, यावर विद्वानांमध्ये मतभेद आहेत. परिणाम मात्र निर्विवाद आहे. जुन्या उत्सवाची रात्र 'ऑल हॅलोज ईव्ह', म्हणजे संतदिनाची पूर्वसंध्या, या नावाने ओळखली जाऊ लागली आणि त्याचाच अपभ्रंश हॅलोविन झाला. उत्सव आयरिश शेतकऱ्याचा, नाव मात्र चर्चचे.

तरीही लोकांच्या आचारात जुना प्राण काही काळ टिकून राहिला. इंग्लंडमध्ये गोरगरीब आणि मुले दारोदार जात, मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि त्याबद्दल 'सोल केक' नावाची छोटी गोड भाकर त्यांना मिळे. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मुले सोंगे घेऊन घरोघरी जात. पण खाऊ मिळण्यापूर्वी त्यांना गाणे, पद्य किंवा एखादी नक्कल सादर करावी लागे. खाऊ कमवावा लागे. द्यायचे आणि घ्यायचे, दोन्हीमागे काही अर्थ होता.

अर्थ गेला, आरास उरली

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले आणि महादुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि रोगांनी मेली. तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. त्या काळातही ब्रिटिश सत्तेखालील त्या देशातून धान्य बाहेर जातच होते. ज्यांनी बंगालच्या दुष्काळाचा इतिहास वाचला आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. बोटींमधून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलेल्या त्या कंगाल आयरिश माणसांनी आपली ही रात्रही सोबत नेली. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. अमेरिकेत त्यांना मोठा, मऊ भोपळा मिळाला.

परंतु दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला गेलिक भाषा येत नव्हती. भाषा गेली, तशी कथा गेली. कथा गेली, तसा अर्थ गेला. उरली ती फक्त रात्रीची हुल्लड. १९३०च्या मंदीच्या काळात या रात्रीच्या नासधुशीने अमेरिकी शहरे इतकी त्रासली, की मुलांना खाऊ देऊन शांत ठेवण्याची कल्पना सर्वत्र उचलली गेली. 'ट्रिक ऑर ट्रीट', म्हणजे 'खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू', ही घोषणा याच सुमारास रूढ झाली. मृतांसाठी प्रार्थना म्हणून मिळणाऱ्या भाकरीची जागा लाडक्या धमकीने घेतली. दुसऱ्या महायुद्धातील साखरेचे रेशनिंग १९४७ मध्ये उठले आणि मिठाईच्या कारखानदारांना एक आयता सण सापडला.

पुढचा हिशेब बाजारानेच मांडला आहे. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना, नॅशनल रिटेल फेडरेशन, हिने २०२३ च्या हॅलोविनसाठी वर्तविलेला खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलरचा होता. रुपयांत सुमारे एक लाख कोटी! त्यात चॉकलेटे आणि गोळ्यांचे ३.६ अब्ज. मुलांचे वेष, मोठ्यांचे वेष, इतकेच काय, कुत्र्यामांजरांचे वेषही या यादीत आहेत. फक्त ज्यांच्यासाठी ही रात्र होती, त्या पूर्वजांचा रकाना या हिशेबात कोठेही नाही.

बाजार मृतांच्या उत्सवाशी कसा खेळतो, याचा आणखी एक नमुना मेक्सिकोत दिसला. तेथील 'मृतांचा दिवस' हा कुटुंबाचा सण. घरात वेदी मांडायची, झेंडूची फुले वाहायची, गेलेल्या माणसाचे आवडते पदार्थ ठेवायचे आणि स्मशानात जाऊन रात्र जागवायची. युनेस्कोने २००८ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. २०१५ मध्ये 'स्पेक्टर' या जेम्स बाँडच्या चित्रपटात मेक्सिको सिटीतील या दिवसाची एक भव्य मिरवणूक दाखविण्यात आली. अशी मिरवणूक त्या शहरात निघतच नसे. चित्रपट पाहून पर्यटक येतील आणि त्यांना ती पाहायची असेल, म्हणून २०१६ पासून ती खरोखर काढण्यात येऊ लागली. झेंडू वाहणाऱ्या आजीकडून मेक्सिकोने जे शिकायचे, ते हॉलिवूडच्या पटकथाकाराने शिकविले!

आणि एकदा सारेच सोंग झाले, की दुसऱ्यांचे देवही त्या सोंगांच्या कपाटात जातात. २००८ मध्ये हायडी क्लूम या प्रसिद्ध मॉडेलने आपल्या हॅलोविनच्या मेजवानीत कालीमातेचा वेष केला. त्याचा हिंदू समाजाने निषेध केला. येथे एका दुसऱ्या स्त्रीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. तिचा जन्म आयर्लंडमध्येच, हॅलोविनच्या तीन दिवस आधी, २८ ऑक्टोबर १८६७ रोजी झाला. १८९९ मध्ये कलकत्त्यात तिने कालीमातेवर व्याख्यान दिले, तेव्हा सुशिक्षित बंगाली श्रोत्यांपैकी काहींनाच आपल्या देवीची लाज वाटत होती. त्या मार्गारेट नोबलला जग भगिनी निवेदिता म्हणून ओळखते. एकीने काली अंगावर चढविली, एकीने ती अंतःकरणात उतरविली. दोघींपैकी आपल्या मुलींनी कोणाचे अनुकरण करावे, हे सांगण्याची आवश्यकता नसावी.

येथे कशासाठी?

आता प्रश्न पुणे-मुंबईचा. गेली काही वर्षे ऑक्टोबर सरत आला, की आपल्या महानगरांतील मॉलमध्ये प्लास्टिकचे भोपळे आणि कापसाची कोळिष्टके लटकू लागतात. गृहसंकुलांत मुलांच्या 'हॅलोविन पार्ट्या' होतात. काही इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून बालवर्गातील मुलांना चेटकिणीच्या टोप्या घालून येण्याच्या सूचना जातात आणि आईबाप मुकाट्याने बाजारात धावतात.

अमेरिकेतील मराठी कुटुंबाची गोष्ट निराळी आहे. ते ज्या समाजात राहते, त्या समाजाची मुले दारात आली तर त्यांना हसून खाऊ द्यावा, आपल्या मुलालाही मित्रांबरोबर जाऊ द्यावे. त्यात शेजारधर्म आहे. दुधात साखर विरघळावी तसे त्या समाजात मिसळणे, ही हिंदूंची रीतच आहे. पण कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या मुलाचा शेजार कोणता? त्याच्या गल्लीत कोणता आयरिश शेतकरी राहून गेला? त्याच्या आळीत कोणते साविनचे अग्नी पेटले होते? अमेरिकेत हॅलोविन ही विसरलेली परंपरा आहे. येथे ती परंपराही नाही, नुसती नक्कल आहे, आणि तीही नकलेची नक्कल!

यावर ठरलेले उत्तर येते, "मुलांची गंमत आहे, एवढे काय मनावर घ्यायचे?" गंमत जरूर असावी. पण ती आपल्याकडे नव्हती काय? आश्विनात पाटावर हत्ती काढून, फेर धरून, घरोघरी जाऊन भोंडला करणाऱ्या मुली काय गंभीर प्रवचने देत होत्या? डबा हलवून 'खिरापत ओळखा' म्हणताना जी धमाल उडे, तिच्यापुढे चॉकलेटची बादली किती फिकी! विदर्भ-खानदेशात भुलाबाई घरोघरी बसे. सोंगे हवीत? पोलीस बनून दारात दरडावणारा आणि मग पोट धरून हसविणारा बहुरूपी होता. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दान मागणारा वासुदेव होता. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे होते. भीतीच हवी असेल तर गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा मिरवल्या जातात आणि पहाटे जाळल्या जातात. तेथील मूल राक्षस पाहते, घाबरते आणि सूर्योदयापूर्वी तो राक्षस जळतानाही पाहते. मुलाला भीती दाखवावी, पण तिच्यावर विजय कसा मिळवावा हेही दाखवावे, एवढे शहाणपण या सणात आहे. भोपळ्याच्या मुखवट्यात ते कोठे आहे?

आणि मृतांचे स्मरण तर दिवाळीच्या गाभ्यातच आहे, हे किती घरांना ठाऊक आहे? महालयात आलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून दिवाळीत चुडी, मशाली दाखविण्याचा 'उल्कादान' हा विधी धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत सांगितला आहे. नरक चतुर्दशीला यमतर्पण सांगितले आहे. ओडिशात आजही दिवाळीच्या संध्याकाळी तागाच्या काड्या पेटवून घरातील लहानथोर आपल्या पूर्वजांना हाक मारतात. बंगालमध्ये दिवाळीच्या आदल्या दिवशी, भूत चतुर्दशीला, चौदा पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. आयर्लंडच्या टेकडीवर जो अग्नी विझला, तो आपल्याकडे अजून पेटता आहे. पेटत्या चुलीच्या घरातील माणसाने शेजारच्या विझलेल्या चुलीतील राख कपाळाला लावण्यासाठी रांगेत उभे राहावे, याला काय म्हणावे?

पुरोगाम्यांची निवडक चिकित्सा

या संदर्भात काही तथाकथित पुरोगामी मंडळींच्या भूमिकेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पितृपक्ष आला, की श्राद्ध म्हणजे अंधश्रद्धा, कावळा म्हणजे कर्मकांड, पिंड म्हणजे पुरोहितशाही, अशी लेखमाला सुरू होते. चिकित्सेला हिंदू समाजाने कधीच नकार दिलेला नाही. चार्वाकाने श्राद्धाची टिंगल केली ती याच भूमीत, आणि त्याचे मत ग्रंथांतून जपून ठेवले तेही त्याच्या विरोधकांनीच. परंतु भाद्रपदात कावळ्यावर तुटून पडणारी हीच लेखणी महिन्याभराने, मुलांच्या गालांवर कवट्या रंगविल्या जातात तेव्हा कोठे जाते? पणजोबांचे नाव घेऊन पाण्याची ओंजळ सोडणे ही अंधश्रद्धा, आणि अर्थ न कळता चेटकिणीची टोपी घालणे ही जागतिक संस्कृती? चिकित्सेची फूटपट्टी एकच असली पाहिजे. ती माणूस पाहून आणि देश पाहून बदलत असेल, तर ती चिकित्सा नसून न्यूनगंड आहे.

आरसा घरातही हवा

तथापि दुसऱ्यांकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. हॅलोविनविरुद्ध पत्रके काढून, मॉलच्या दारात घोषणा देऊन हा प्रश्न सुटेल, असे कोणी समजू नये. सजावट मोडल्याने घरातले रितेपण भरत नाही. बाजार रिकाम्या जागेतच शिरतो. आपल्या घरात ती जागा रिकामी का झाली, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य कार्यकर्त्यांच्या कुटुंबांनीही दाखविले पाहिजे.

आज किती घरांत श्राद्धाच्या दिवशी मुलांना जवळ बसवून ज्यांचे श्राद्ध आहे त्या व्यक्तीची गोष्ट सांगितली जाते? बहुतेक ठिकाणी गुरुजींच्या हाती पाकीट, एखाद्या संस्थेला देणगीची पावती आणि जेवणात खीर-वडे, एवढ्यावर कार्यक्रम आटोपतो. मुलांना शाळा असते, वडिलांना कार्यालय असते. तर्पणात पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन पिढ्यांची नावे घ्यायची असतात. पणजोबांचे नाव गुरुजींनी विचारले, की गावी काकांना फोन लावावा लागतो. पणजीचे नाव तर काकांनाही आठवत नाही. तिने दुष्काळात घर कसे सावरले, कोणते दागिने मोडून मुलांना शिकविले, हे सारे तिच्याबरोबरच गेले. आयरिश माणसाची कथा त्याच्याकडून दुष्काळाने, परसत्तेने आणि समुद्राने हिरावून घेतली. आपली कथा कोणी हिरावली? आपण ती सोफ्यावर बसल्या बसल्या गमावत आहोत.

गमावलेले परत मिळविणे किती कठीण असते, हेही आयर्लंडनेच दाखविले आहे. १८९३ मध्ये डग्लस हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयरिश भाषा वाचविण्यासाठी डब्लिनमध्ये 'गेलिक लीग' स्थापन केली. ज्या वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाचे पर्व सुरू झाले, तेच हे वर्ष! हाइड पुढे स्वतंत्र आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले; शाळांतून आयरिश भाषा आली. तरीही २०२२ च्या जनगणनेत शिक्षणाबाहेर रोजच्या व्यवहारात ती भाषा बोलणारे निघाले सुमारे ७२ हजार. आता मीथ परगण्यात २०१९ पासून साविनच्या स्मृतीसाठी 'पूका' नावाचा महोत्सव भरविण्यात येत आहे. आयरिश माणूस अमेरिकेकडून परत आलेला प्लास्टिकचा भोपळा बाजूला सारून आपली टेकडी शोधतो आहे. त्याला शुभेच्छाच द्याव्यात. पण ज्यांच्या गणेशोत्सवाची, भोंडल्याची, तर्पणाची साखळी अजून तुटलेली नाही, त्यांनी ती तुटू देऊन मग शंभर वर्षांनी महोत्सव भरवायचे काय?

करावयाचे ते एवढेच

कुटुंबप्रबोधनाचा आरंभ यासाठी फार दूर जाऊन करावा लागत नाही. पितृपक्षातील एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. जुन्या तसबिरी खाली उतरवाव्यात, पुसाव्यात. आजी-आजोबांनी बोलावे, नातवंडांनी लिहून घ्यावे. पणजी-पणजोबांची नावे, गाव, व्यवसाय, त्यांचा एखादा गुण आणि एखादी खोडही. मुलांना खोडच अधिक लक्षात राहते आणि तिच्या आधाराने माणूस लक्षात राहतो. नवरात्रात गृहसंकुलाच्या अंगणात भोंडला व्हावा आणि त्यात सर्व मजल्यांवरच्या, सर्व भाषांच्या मुली याव्यात. दिवाळीत आकाशकंदील टांगताना त्याच्या प्रकाशात कोणाला वाट दाखवायची आहे, हे मुलाला एकदा सांगावे. परदेशातील कुटुंबांनीही मराठी शाळेच्या वर्गात हाच पाठ ठेवावा. आणि हॅलोविनला दारात आलेल्या आयरिश वंशाच्या शेजाऱ्याला सांगावे, की तुझ्या पणजीच्या घरीही या दिवसांत गेलेल्या माणसांसाठी चूल पेटती ठेवीत असत. कदाचित त्याला हे सांगणारे पहिले घर हिंदूंचे असेल.

मराठी मुलांच्या गोष्टीतही एक भोपळा आहे. त्यात बसून एक म्हातारी वाघ-कोल्ह्यांच्या जंगलातून लेकीच्या घरून परत येते. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ती गोष्ट आजीच्या मांडीवर ऐकली, कारण त्या भोपळ्याच्या आत आजीच बसलेली होती. परदेशी बाजारातून येणारा भोपळा आतून कोरून रिकामा केलेला आहे. मुलाच्या हाती कोणता भोपळा द्यायचा, हे मॉल ठरविणार नाही आणि शाळाही ठरविणार नाही. ते घरानेच ठरवायचे आहे. येत्या सर्वपित्रीला प्रत्येक घराने स्वतःची एवढीच परीक्षा घ्यावी, की तर्पणाच्या वेळी पणजीचे नाव विचारले, तर घरातल्या सर्वांत लहान मुलाला ते सांगता येते काय?